मिनकम : अर्ध्यावर सोडलेल्या मोजणीची वाटचाल

कॉलेजात असताना एका कुटुंबपाहणीसाठी मी दोन महिने गावोगाव फिरले होते. पिशवीत छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा, पाण्याची बाटली आणि दोन निळी पेनं. घरात माणसं किती, जमीन किती, गेल्या महिन्यात तेल-मीठ-मिरचीला किती गेले, दवाखान्याला किती गेले, उसने कुणाकडून घेतले, असे पानामागून पान प्रश्न. एका घरी उंबऱ्याशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या आजींनी तासभर न कंटाळता सगळं सांगितलं. कर्जाचा आकडा सांगताना आवाज खाली आला, पण सांगितला. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "लेकरा, आता ह्याचं फुडं काय हुतं?" मी म्हणाले, ह्याची मोजदाद होते, मग अहवाल निघतो. तो अहवाल निघाला नाही. पैसे संपले, काम देणारे दुसऱ्या कामाला लागले आणि भरलेल्या प्रश्नावल्या कपाटावर चढल्या. आजींशी मी खोटं बोलले नव्हते, पण बोलले ते खरंही झालं नाही. ती बोच अजून आहे.

पुढे कॅनडातल्या 'मिनकम'ची हकिगत वाचनात आली तेव्हा आजींचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. तिथं तर एका अख्ख्या गावानं तीन वर्षं आपल्या घरातले हिशेब सरकारपुढे मांडले होते, आणि त्या कागदांना वाचणारं माणूस भेटायला तीस वर्षं लागली. हमी उत्पन्न असावं की नसावं, यावर तावातावानं बोलणारे पुष्कळ आहेत. मला आधी एवढंच म्हणायचंय की ते दिल्यावर घरात काय घडतं हे नीट पाहायला हवं, आणि पाहायला घेतलं तर शेवटापर्यंत पाहायला हवं. मिनकमच्या वाटचालीत या दोन्ही गोष्टींची किंमत दिसते.

कल्पना सांगायला सोपी आहे. कुठल्याही घराचं वर्षाचं उत्पन्न एका ठरावीक रेषेच्या खाली जाऊ द्यायचं नाही. कमी पडलं तर सरकारनं भर घालायची. ही भर घालताना घरात कर्ता पुरुष आहे का, बाई एकटी आहे का, काम शोधताय ना, असल्या चौकशा करायच्या नाहीत. उत्पन्न किती, एवढंच विचारायचं. आणि ही कल्पना मांडली की कुठल्याही देशात, कुठल्याही कट्ट्यावर पहिला प्रश्न एकच येतो : मग कामाला कोण जाईल? हा प्रश्न वाजवी आहे. विचारणाऱ्याला निर्दय ठरवून तो झटकून टाकता येत नाही. पण प्रश्न विचारणारे आणि त्याला उत्तर देणारे, दोघंही बहुधा आपल्या ओळखीतला एखादा माणूस पुढे करतात. 'आमच्या गल्लीतला अमका बघा' इथंच दोन्हीकडचा पुरावा संपतो.

अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञानं १९६२ साली आपल्या पुस्तकातून उलट्या आयकराची कल्पना लोकांपुढे ठेवली होती. उत्पन्न रेषेच्या वर असेल तर कर भरा, खाली असेल तर कर-खातं तुम्हालाच पैसे देईल. १९६८ पासून न्यू जर्सीत, मग आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रामीण भागात, इंडियाना राज्यातल्या गॅरीत, सिएटल आणि डेन्व्हरमध्ये याचे प्रयोग झाले. औषधाची चाचणी घेतात तशी, काही कुटुंबांना पैसे द्यायचे, काहींना नाही, आणि दोघांचं काय होतं ते पाहायचं.

कॅनडात वारं वाहू लागलं ते याच सुमाराला. तिथं म्हाताऱ्या माणसांना १९६७ पासून पेन्शनवर हमीची भर मिळत होती, ती आजही मिळते. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न डेव्हिड क्रोल यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेट समितीनं हाती घेतला आणि १९७१ च्या अहवालात साऱ्या देशासाठी वार्षिक हमी उत्पन्नाची शिफारस केली. त्याच १९७१ साली इकडे पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी गरिबाच्या किमान जगण्याचा आकडा काढला आणि त्यावर उपाय म्हणून सार्वजनिक कामांवरच्या रोजगाराची वाट दाखवली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला, वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर पोचली, १९७५ साली तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मला ही जोडी फार जवळची वाटते. एकाच दशकात महाराष्ट्र कामाची हमी देत होता आणि मॅनिटोबा उत्पन्नाची हमी देऊन पाहत होता. एकमेकांचा पत्ता दोघांनाही नसावा.

मॅनिटोबा हा कॅनडाच्या मधोमध पसरलेला गव्हाचा प्रांत. एड श्रायर तिथले मुख्यमंत्री होते, डाव्या विचारांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे. केंद्रात पिएर ट्रूडो पंतप्रधान होते आणि त्यांचे आरोग्य व कल्याण मंत्री मार्क लालोंद यांनी १९७३ साली सामाजिक सुरक्षेच्या साऱ्या व्यवस्थेचा फेरविचार सुरू केला होता. १९७४ साली केंद्र आणि प्रांत यांच्यात करार झाला. खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. त्यातला पाऊण वाटा केंद्राचा, पाव प्रांताचा. 'किमान उत्पन्न' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द सांधून नाव दिलं मिनकम. कामाचं मुख्य ठिकाण राजधानी विनिपेग. मॅनिटोबा विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ डेरेक हम संशोधनाच्या बाजूला होते. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण बाकी सगळे पांगल्यावरही ते त्या कागदांपाशी थांबले.

हिशेब कसा होता ते पाहू, कारण सगळी गंमत त्यातच आहे. विनिपेगमध्ये चौघांच्या कुटुंबासाठी हमीच्या तीन पातळ्या ठेवल्या होत्या : वर्षाला ३,८००, ४,८०० आणि ५,८०० डॉलर. कमाई झाली की त्यातला काही हिस्सा हमीतून वजा व्हायचा. या कपातीचेही तीन दर होते : ३५, ५० आणि ७५ टक्के. हमी आणि कपात यांच्या वेगवेगळ्या जोड्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून दिल्या. काही कुटुंबांच्या वाट्याला पैसे नव्हतेच, तुलनेसाठी फक्त त्यांची पाहणी व्हायची. आता ३,८०० ची हमी आणि ५० टक्के कपात धरा. घरात कुणाचीच कमाई नसेल तर ३,८०० मिळतील. कुणी वर्षभरात २,००० कमावले तर त्यातले निम्मे, म्हणजे १,०००, हमीतून जातील. मिळतील २,८००, आणि हातात एकूण ४,८००. कमाई ४,००० झाली तर मदत १,८०० आणि हातात ५,८००. कमाई ७,६०० वर गेली की मदत बंद. म्हणजे काम केलं तर हातातली रक्कम प्रत्येक पायरीला वाढतेच. जुन्या मदत योजनांत कमावलेला डॉलर बहुधा सगळाच्या सगळा मदतीतून कापला जाई. तिथं कामाला जाऊन घरात एक डॉलरही वाढत नसे. कामाचा उत्साह मारायचा असेल तर याहून पक्की रीत सापडणार नाही, आणि वर गरिबालाच आळशी म्हणायचं!

विनिपेगची कुटुंबं शहरभर विखुरलेली होती. ग्रामीण मॅनिटोबातली काही कुटुंबंही अशीच विखुरलेली घेतली. पण मिनकमला इतर प्रयोगांपेक्षा वेगळं केलं ते डॉफिननं.

डॉफिन हे विनिपेगच्या वायव्येला तीनशे किलोमीटरवरचं गाव. दक्षिणेला रायडिंग माउंटनचं राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला डॉफिन सरोवर, भोवती धान्याची सपाट शेतं. युक्रेनमधून आलेल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या इथं रुजलेल्या. गाव आणि लगतचा ग्रामीण भाग मिळून वस्ती साडेबारा हजारांच्या आसपास. इथं चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. योजना सगळ्या गावाला खुली होती. ज्याचं उत्पन्न कमी पडेल त्यानं अर्ज भरायचा, हमी आणि ५० टक्के कपात या हिशेबानं पैसे घ्यायचे. विनिपेगच्या पाहणीतून म्हातारे आणि अपंग वगळले होते, डॉफिनमध्ये तेही होते. कधी ना कधी मदतीला पात्र ठरलेली कुटुंबं गावात सुमारे एक तृतीयांश होती. पण ही हमी बाकीच्या दोन तृतीयांशांनाही आधार देत होती, असं मला वाटतं. पीक बुडालेला शेतकरी, गिऱ्हाईक तुटलेला दुकानदार, हंगामी मजूर, यांना जुन्या मदत योजनांत जागाच नव्हती. धडधाकट आहात, काम करता, मग मदत कशाला, असा तिथला खाक्या. आता त्यांना ठाऊक होतं की साल वाईट गेलं तरी घर एका पातळीच्या खाली जाणार नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही या एका वाक्याचं मोल सांगावं लागणार नाही.

पैसे द्यायला १९७५ च्या सुरुवातीला जोम आला आणि १९७७ च्या अखेरीपर्यंत, तीन वर्षं, ते मिळत राहिले. दर महिन्याला कुटुंबानं उत्पन्नाचा छापील अर्ज भरून पाठवायचा. कुणाची कमाई किती, घरात कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यावर. त्याशिवाय दर चार महिन्यांनी प्रगणक घरी यायचे, लांबलचक प्रश्नावल्या घेऊन. ते प्रगणक डोळ्यांपुढे आले की मला माझी पिशवी आठवते. मॅनिटोबाच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांवर जातो. त्या थंडीत कुणी तरी दार वाजवून विचारत होतं, गेल्या चार महिन्यांत तुम्ही किती तास काम केलंत? आणि घरातलं माणूस त्याला आत घेऊन उत्तर देत होतं.

अडचण कागदावरच तयार झाली होती. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, महागाई वाढली, बेकारीही वाढली. हमीची रक्कम महागाईबरोबर वाढवायची असं ठरलेलं होतं. त्यामुळे कुटुंबांना द्यायचे पैसे वाढत गेले आणि १ कोटी ७० लाख मात्र तेवढेच राहिले. जास्तीचा निधी मागितला, मिळाला नाही. तेव्हा चालकांनी जो निर्णय घेतला तो मला माणुसकीचा वाटतो : कुटुंबांना दिलेला शब्द पाळायचा, पैसे पूर्ण तीन वर्षं द्यायचे, माहितीही गोळा करत राहायची, आणि विश्लेषण नंतरवर टाकायचं. पण सरकारी कामात 'नंतर' या शब्दाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. ऑक्टोबर १९७७ मध्ये मॅनिटोबात स्टर्लिंग लायन यांचं प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आलं. मे १९७९ मध्ये केंद्रातही ट्रूडो हरले. त्याच वर्षी मिनकम बंद झालं. शेवटचा अहवाल लिहिलाच गेला नाही.

मागे उरली साधारण अठराशे खोकी. मासिक अर्ज, पाहणीच्या प्रश्नावल्या, पत्रव्यवहार, सगळं त्यांत भरून अभिलेखागाराच्या गोदामात ठेवलं गेलं. पैकी विनिपेगच्या कुटुंबांची माहिती पुढे मॅनिटोबा विद्यापीठात संगणकावर चढली. डॉफिनची कागदावरच राहिली.

डेरेक हम आणि त्यांचे सहकारी वेन सिम्प्सन यांनी विनिपेगच्या माहितीतून त्या कट्ट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर काढलं. १९९१ आणि १९९३ साली त्यांचं लेखन प्रसिद्ध झालं. पुरुषांचे कामाचे तास सुमारे १ टक्क्यानं कमी झाले होते, विवाहित स्त्रियांचे ३ टक्क्यांनी, अविवाहित स्त्रियांचे ५ टक्क्यांनी. काम सोडून माणसं खाटेवर पडली नव्हती. पण आकडे आले तेव्हा ऐकायला कुणी उरलं नव्हतं. ज्या वादासाठी मिनकम काढलं तो वाद दहा-बारा वर्षांपूर्वीच मिटवून टाकला होता, पुराव्यावाचून.

डॉफिनकडे पुन्हा वळली ती एव्हलिन फोर्जे. शिक्षणानं अर्थतज्ज्ञ, नोकरी मॅनिटोबा विद्यापीठाच्या सामुदायिक आरोग्य विभागात. सत्तरच्या दशकात टोरांटोत शिकत असताना तिनं वर्गात मिनकमबद्दल ऐकलं होतं. पुढे काय झालं, हे तिच्या मनात राहून गेलं. तीसेक वर्षांनी, त्याच प्रांतात नोकरी करताना, तिनं ती खोकी शोधून काढली. आत धुळीचे कागद, आणि ते एकेक वाचून संगणकावर चढवायला लागणारा पैसा आणि वर्षं तिच्यापाशी नव्हती. मग तिनं जी वाट काढली तिचं मला फार कौतुक आहे. मॅनिटोबात १९६९ पासून सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा होता. डॉक्टरकडे गेलेल्या, इस्पितळात दाखल झालेल्या प्रत्येकाची नोंद त्या दप्तरात व्हायची, मिनकम येण्याच्या आधीपासून आणि मिनकम गेल्यानंतरही. ही नोंद ठेवणाऱ्यांना मिनकमशी काही देणंघेणं नव्हतं, आणि म्हणूनच ती साक्ष भरवशाची. फोर्जेनं डॉफिनमधल्या प्रत्येक माणसाला प्रांतातल्या इतर भागांतली, वय, लिंग, कुटुंब आणि राहणी यांत त्याच्यासारखी तीन माणसं जोडून दिली. मग दोन्हीकडची इस्पितळाची दप्तरं शेजारी शेजारी लावली.

२०११ साली तिचा शोधनिबंध आला. डॉफिनच्या लोकांचं इस्पितळात दाखल होणं तुलनेच्या लोकांपेक्षा ८.५ टक्क्यांनी घटलं होतं. घट मुख्यतः दोन जागी होती : अपघात आणि दुखापती, आणि मनाचे आजार. शाळेच्या पटावरही फरक होता. अकरावी झालेली पूर्वीपेक्षा जास्त मुलं बारावीच्या वर्गात बसत होती, आणि मिनकम संपल्यावर तो आकडा पुन्हा खाली आला. गरीब घरातला सोळा वर्षांचा मुलगा एरवी शाळा सोडून शेतावर किंवा कारखान्यात जायचा. ती तीन वर्षं त्याच्या घरी एक वर्ष जास्त थांबण्याइतकी फट होती. त्या मुलानं सोडलेले कामाचे तास आळसाच्या खात्यात घालायचे की शिक्षणाच्या? नुसते तास मोजणाऱ्या पाहणीला हे कळणार नाही. शाळेचा पट उघडला तरच कळेल.

फोर्जेला जे सापडलं नाही तेही तिनं सांगितलं. जन्मणाऱ्या मुलांच्या वजनात फरक दिसला नाही. कुटुंबं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, जी भीती अमेरिकेतल्या सिएटल-डेन्व्हरच्या आकड्यांनी पसरवली होती आणि जिच्यावरून पुढे तज्ज्ञांमध्येच वाद झाले. आठ-साडेआठ टक्के पाहून कुणी भारावून जाऊ नये हेही खरं. तीन वर्षांचा काळ थोडा आहे, पैसे कधी तरी थांबणार हे लोकांना माहीत होतं, आणि तुलना तीस वर्षांनी मागे जाऊन बांधलेली आहे. हमी उत्पन्नाची बाजू घेणारे डॉफिनचं नाव सिद्ध झालेल्या मंत्रासारखं घेतात तेव्हा मला ते रुचत नाही. मंत्राला कुणी पुन्हा तपासत नाही. डॉफिन पुन्हा पुन्हा तपासण्याजोगं आहे, हीच तर त्याची ताकद.

आणि ते तपासलं गेलं. डेव्हिड कॅल्निट्स्की हा समाजशास्त्रज्ञ त्या खोक्यांत स्वतः शिरला. त्यानं आणि जोनाथन लॅटनरनं २०१७ साली दाखवलं की डॉफिनमध्ये काम करणाऱ्यांचं प्रमाण ११.३ टक्के-अंकांनी घटलं होतं. विनिपेगच्या १, ३, ५ टक्क्यांच्या शेजारी हा आकडा मोठा आहे, आणि हमी उत्पन्नाच्या कैवाऱ्यांना अडचणीचाही आहे. तो लपवून पुढे जाता येणार नाही, आणि गरजही नाही. कारण त्याच कागदांत लोकांनी आपापली कारणं लिहिली होती. घरी सांभाळायला माणूस होतं. आजारपण होतं, अपंगत्व होतं. बरं काम मिळत नव्हतं. शिकायचं होतं. शिवाय या घटीतला सुमारे तीस टक्के भाग गावाच्या एकत्रपणातून आलेला होता. विनिपेगमध्ये तुम्हाला पैसे मिळत असले तरी शेजारी कामावर निघालेला असतो, घरी थांबलं तर चारचौघांत ते खुपतं. सगळ्या गावालाच आधार असला की घरी थांबून म्हातारीची सेवा करणाऱ्या बाईकडे वेगळ्या नजरेनं कुणी पाहत नाही. विखुरलेल्या नमुन्यात हे कधीच दिसलं नसतं. आमच्या पाहणीच्या प्रशिक्षणात नमुना चांगला विखुरलेला हवा असं घोकून घेतलं होतं. काही गोष्टी मात्र अख्खं गाव घेतल्याखेरीज दिसत नाहीत, हे मी डॉफिनकडून शिकले.

कॅल्निट्स्कीच्या आधीच्या एका निबंधातली गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली. सरकारी मदतीला नाकं मुरडणाऱ्या, ती घेणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्या लोकांनीही डॉफिनमध्ये मिनकमचे पैसे घेतले होते, आणि त्यात त्यांना लाज वाटली नव्हती. जुन्या मदतीत अधिकारी घरी यायचा, चौकशा करायचा, आणि ती मदत घेणारं घर गावात ओळखू यायचं. मिनकमचा अर्ज टपालानं जायचा, त्यात फक्त उत्पन्न विचारलेलं असायचं आणि गरज पडली तर पैसे गावातल्या कुणालाही मिळू शकत होते. पैसे तेच, पण देण्याची रीत बदलली की घेणाऱ्याची मान ताठ राहते. रेशनच्या रांगेत किंवा तलाठ्याच्या दारात दाखल्यासाठी उभं राहिलेल्या माणसाला हे समजायला शोधनिबंध लागणार नाही. पण धोरण ठरवणाऱ्याला लागतो, म्हणून तो लिहिला गेला पाहिजे.

एकदा ठेच लागल्यावर कॅनडा शहाणा झाला असेल असं वाटतं. तसं झालं नाही. ऑन्टारिओ प्रांतात ह्यू सीगल या माजी सिनेटरांनी २०१६ साली नव्या प्रयोगाचा आराखडा दिला. एप्रिल २०१७ मध्ये कॅथलीन विन यांच्या सरकारनं तो जाहीर केला : हॅमिल्टन-ब्रँटफर्डचा परिसर, थंडर बे आणि लिंडसी, चार हजार माणसं. एकट्या माणसाला वर्षाला १६,९८९ डॉलरपर्यंत, जोडप्याला २४,०२७ पर्यंत, कमाईतले निम्मे वजा. हिशेब मिनकमचाच. मुदत तीन वर्षं. जून २०१८ मध्ये सरकार बदललं. डग फोर्ड यांच्या पक्षानं प्रचारात प्रयोग चालू ठेवू असं म्हटलं होतं. ३१ जुलैला तो गुंडाळल्याची घोषणा झाली आणि मार्च २०१९ मध्ये शेवटचे पैसे गेले. नेमलेल्या संशोधकांचं कामही तिथंच थांबलं. सुरुवातीची पाहणी झालेली होती, नंतरची झालीच नाही. तीन वर्षांच्या भरवशावर कुणी शिक्षणाला नाव घातलं होतं, कुणी बऱ्या घराचं भाडं कबूल केलं होतं. काही संशोधकांनी आपणहून लोकांना गाठलं. २१७ जणांनी उत्तरं दिली. आधी काम करणारे बहुतेक जण प्रयोगातही काम करत राहिले होते. पण २१७ म्हणजे चार हजारांतले मूठभर, आणि तेही ज्यांनी उत्तर द्यायचं ठरवलं तेवढेच. डॉफिनची खोकी निदान भरलेली तरी होती.

आपल्याकडेही हे घडलं आहे, आणि पूर्णत्वाला गेलं आहे, हे मी आनंदानं सांगते. इला भट्ट यांनी १९७२ साली उभी केलेली 'सेवा' ही कष्टकरी बायांची संघटना. तिनं २०११ च्या सुमाराला युनिसेफच्या मदतीनं मध्य प्रदेशातल्या आठ गावांत, आणि शिवाय एका आदिवासी गावात, सुमारे सहा हजार लोकांना दरमहा बिनअटी पैसे दिले. सुरुवातीला मोठ्या माणसाला २०० रुपये, मुलाला १००, नंतर ३०० आणि १५०. तुलनेसाठी पैसे न मिळणारी गावंही पाहिली. दारूवरचा खर्च वाढला नाही. मजुरीवर जाणाऱ्यांतले काही जण आपल्याच रानात जास्त राबू लागले. शेळ्या-कोंबड्या वाढल्या, मुली शाळेत जास्त टिकल्या. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत या विषयावर एक अख्खं प्रकरण आलं, त्याला अशा प्रयोगांचाही आधार होता.

आता महाराष्ट्राकडे येते. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. दोन कोटींहून जास्त बायांच्या खात्यांवर ते गेले. ही मिनकमसारखी हमी नाही. घराची कमाई वाढली तर थोडी थोडी कपात, कमी पडली तर भर, असं इथं काही नाही. रेषा ओलांडली की सगळंच बंद. पण हातात नियमित येणाऱ्या रोख पैशानं घरात काय होतं, हे पाहायची एवढी मोठी संधी कुठल्याही प्रांताला क्वचितच मिळाली असेल. वाद मात्र त्याच दोन गल्ल्यांत अडकलाय : तिजोरीवर बोजा, की बायांचा सन्मान. दोन्ही बाजूंकडे 'आमच्या गल्लीतली अमकी' आहेच.

फोर्जेनं काम केलं ते मिनकमच्या कागदांवर नव्हे, आधीपासून चालत आलेल्या दवाखान्याच्या आणि शाळेच्या नोंदींवर. आपल्याकडेही त्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातली गरोदर बायांची नोंदवही आहे, अंगणवाडीतली मुलांच्या वजनाची नोंद आहे, अकरावी-बारावीचा मुलींचा पट आहे, ग्रामपंचायतीतली रोजगार हमीची हजेरीपत्रकं आहेत, बचत गटाची कर्जखाती आहेत. त्यांत जून २०२४ पर्यंतचं गाव आहे आणि त्यानंतरचंही. काही तालुके निवडून, नावं झाकून, विद्यापीठांच्या हाती ही दप्तरं द्यायला फार मोठा पैसा लागत नाही. लागते ती परवानगी, आणि पाच-सात वर्षं टिकणारी चिकाटी, सरकार कुणाचंही आलं तरी. आणि यातून काही सापडलं तर ते आधी गावात जाऊन सांगायला हवं, कारण १,५०० रुपयांतले किती औषधाला गेले आणि किती सावकाराला, हे विचारायला कुणी तरी पुन्हा त्याच उंबऱ्याशी बसणार आहे. जून २०२४ च्या आधीच्या वह्या मात्र आताच जपायला हव्यात. पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीत त्या किती वर्षं टिकतात, हे गावातल्या कुठल्याही आशाताईला विचारावं.